काळोख भाड्याने मिळत नाही : मुंबईत कमी पैशांत भयपट कसा करावा

मुंबईत कॅमेरा भाड्याने मिळतो, लेन्स मिळते, जनरेटर मिळतो, मढला अख्खा बंगला मिळतो. पैसे मोजले तर टँकरचा पाऊससुद्धा मिळतो. मिळत नाहीत त्या दोनच गोष्टी, काळोख आणि शांतता. भयपटाला नेमक्या ह्याच दोन लागतात.

मी दिवसा मालिकांचं एडिटिंग करतो. मित्रमंडळींच्या जिवावर आजवर दोन भयपट केले, एक नऊ मिनिटांचा आणि एक चौदा. पहिला साफ फसला. दुसरा बरा झाला. खाली जे सांगतोय ते चौदा-पंधरा मिनिटांच्या लघुपटाचा हिशेब धरून. पहिल्याच फटक्यात पूर्ण लांबीचा चित्रपट करू नका असं मी सांगेन. ऐकणार नसाल तर खर्च पाचाने गुणा आणि शेवटपर्यंत टिकणाऱ्या मित्रांची संख्या पाचाने भागा.

आधी जागा, मग गोष्ट

बहुतेक जण उलटं करतात. कोकणातला वाडा, विहीर, पिंपळ, अमावस्या असं सगळं लिहून काढतात आणि मग वाडा शोधत फिरतात. तुम्ही आधी कागदावर एवढंच लिहा : रात्री बारानंतर मला किल्लीनिशी, फुकटात, कोणकोणत्या जागेत जाता येईल? मित्राची वन आरके. आजीची गिरगावातली बंद खोली. मामाच्या ऑफिसमागचं गोडाऊन. रिडेव्हलपमेंटला गेलेल्या इमारतीतला रिकामा फ्लॅट. त्यातली एक जागा निवडा, तिथे दोन रात्री नुसते बसून काढा, आणि मग लिहायला घ्या. ओरेन पेली यांनी ‘पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी’ सॅन दिएगोच्या स्वतःच्याच घरात सुमारे १५ हजार डॉलरमध्ये चित्रित केला होता. घर स्वतःचं असलं की कुठलं दार करकरतं हे शोधावं लागत नाही.

भुतं आपल्याकडे मुबलक आहेत आणि त्यांच्यावर कुणाचा कॉपीराइट नाही. मुंजा, हडळ, खवीस, हाकामारी, गिऱ्हा. मात्र त्यांना शहरात आणायचं तर त्यांचा स्वभाव आणा, पोशाख नको. पांढरी साडी आणि मोकळे केस पाहिले की प्रेक्षक हसतो. हाकामारी रात्री ओळखीच्या आवाजात नाव घेऊन हाक मारते आणि ओ दिली की माणूस गेला. आता हीच हाक इंटरकॉमवरून आली तर? गिऱ्हा पाण्यात राहतो, आणि मुंबईच्या प्रत्येक इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहेच.

आम्ही चकवा घेतला. गावाकडे चकवा लागलेला माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे बघतो तर त्याच बांधावर उभा. आमचा माणूस लिफ्ट बंद म्हणून जिन्याने अकरावा मजला चढायला निघतो. सगळे मजले हुबेहूब सारखे असलेली इमारत, त्यामुळे आम्हाला प्रत्यक्षात एकच मजला लागला. मजल्याचा आकडा जाड कागदावर रंगवून बदलत गेलो. दारावरचं तोरण बदललं, नेमप्लेट बदलली, रांगोळीचं स्टिकर काढलं-लावलं, चपला हलवल्या. दुसऱ्या मजल्यावर एका दारासमोर लहान मुलीचे निळे सँडल दिसतात, एक उताणा पडलेला. पाचव्यावर दुसऱ्याच दारासमोर तेच निळे सँडल, तोच उताणा. आठव्यावर सँडल नाहीत, नुसते ओले पाय उमटलेत. सगळ्या फिल्ममध्ये लोक सर्वांत जास्त घाबरले ते इथे, आणि त्याचा खर्च एक तांब्या पाणी.

तेव्हा गोष्टीत तीनापेक्षा जास्त माणसं नकोत, दोनापेक्षा जास्त जागा नकोत, आणि भुताचा एक नियम हवा. तो नियम प्रेक्षकाला तिसऱ्या-चौथ्या मिनिटापर्यंत कळला पाहिजे, कारण भीती नियम मोडायच्या आधीच्या क्षणात असते. पटकथेचं एक पान म्हणजे एक मिनिट हा ठोकताळा भयपटात चालत नाही. “ती दार उघडते” ह्या एका ओळीला आमच्याकडे पन्नास सेकंद लागले. चौदा मिनिटांसाठी नऊ पानं पुरली.

दोन गोष्टी लिहितानाच ध्यानात ठेवा. आवडत्या गूढकथाकाराची कथा घेणार असाल तर लेखी हक्क घ्या. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट टिकतो, त्यामुळे “ते वारलेत ना” हे उत्तर चालत नाही. दुसरं, कथा आजच्या महाराष्ट्रात घडत असेल आणि घरचे मांत्रिक बोलावत असतील, तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा वाचून काढा. अंगातलं भूत उतरवतो म्हणून मारहाण करणारा बुवा आता कायद्याने गुन्हेगार आहे. पात्रांना हे माहीत असलं की दृश्याला वेगळीच धार येते : ही माणसं लपूनछपून काहीतरी करतायत.

सोसायटी, पोलीस आणि ती किंकाळी

खासगी फ्लॅटमध्ये शूट करत असलात तरी सोसायटीची लेखी परवानगी घ्या. पत्रात तारखा, वेळ, माणसांची संख्या, गाड्या किती, लिफ्ट वापरणार की नाही हे सगळं स्वच्छ लिहा. सेक्रेटरींना प्रत्यक्ष भेटा. त्या पत्राची एक प्रत जवळच्या पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत विचारूच नका. गणपती, नवरात्र आणि दहीहंडीच्या सरावाचे दिवस आवाजासाठी बाद.

रिकाम्या झालेल्या इमारतीचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला. जागा सुंदर असते : भिंतीवरून काढलेल्या कॅलेंडरचा चौकोन, मुलांची उंची मोजलेल्या पेन्सिलच्या रेघा. पण तिथे विजेचे मीटर काढलेले असतात, पाणी तोडलेलं असतं, आणि परवानगी सोसायटीबरोबर बिल्डरचीही लागते. महापालिकेने सी-१ म्हणजे अतिधोकादायक ठरवलेल्या इमारतीत तर पाऊलही टाकू नका. स्लॅबला सिनेमा कळत नाही.

रस्ता, चौपाटी, उद्यान अशा सार्वजनिक जागांसाठी गोरेगावच्या चित्रनगरीतून, म्हणजे महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाच्या एक खिडकी योजनेतून परवानगी मिळते. लोकल आणि स्टेशनसाठी रेल्वेची वेगळी. वसईच्या किल्ल्यासाठी पुरातत्त्व खात्याची. आरेत रात्री झाडी छान दिसते हे खरं, पण तिथे बिबटे आहेत आणि ते कॉलशीट वाचत नाहीत. ड्रोन ह्या शहरात विसरून जा.

आता किंकाळी. पहिली फिल्म आम्ही विक्रोळीच्या कन्नमवारनगरात, मित्राच्या मावशीच्या घरात केली. परवानगी तोंडी होती. रात्री पावणेएकला आमच्या नायिकेने अशी काही किंकाळी फोडली की खालची कुत्री गप्प झाली. आम्ही खूश. वीस मिनिटांत दारावर दोन पोलीस. दार उघडलं तेही नेमकं तिनेच, गाऊनवर रक्ताचे ओघळ, केस तोंडावर.

“ताई, तुम्ही ठीक आहात ना?”

“हो.”

“मग हे काय?”

“साखरेचा पाक.”

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आमची नावं लिहून घेतली आणि पॅक-अप करायला लावलं. एक अख्खी रात्र गेली. तेव्हापासून नियम : सेटवर किंकाळी मुकी. नटाने तोंड उघडायचं, मानेच्या शिरा ताणायच्या, आवाज काढायचा नाही. आवाज नंतर दिवसा, साड्यांनी भरलेलं लाकडी कपाट उघडून त्याच्यासमोर उभं राहून रेकॉर्ड करायचा. आणि सोसायटीच्या फलकावर तीन दिवस आधी सूचना : अमुक रात्री चित्रीकरण आहे, आरडाओरडा ऐकू आल्यास ह्या नंबरवर फोन करावा.

पैसे कुठे घालायचे

दुसऱ्या फिल्मचा आमचा हिशेब असा होता : बारा माणसं, चार रात्री, एकूण ८५ हजार रुपये. त्यात खाणंपिणं १४ हजार, येणं-जाणं ९ हजार, साउंड रेकॉर्डिस्ट त्याच्या सामानासकट १६ हजार, दिवे ६ हजार, लेन्स आणि ट्रायपॉड ८ हजार, नटांचं मानधन १० हजार, सामान आणि मेकअप ५ हजार, सोसायटीला देणगी ५ हजार, हार्ड डिस्क साडेचार हजार आणि राखीव साडेसात हजार. राखीव सगळे संपले. कॅमेरा एका मित्राचा होता म्हणून फुकट, पण तो नसता तर मी चांगल्या फोनवर केली असती आणि साउंडचे १६ हजार तसेच ठेवले असते. चित्र थोडं खरबरीत असलं तर प्रेक्षक त्याला स्टाइल म्हणतो. आवाज खराब असला तर कुणी दुसरं मिनिट बघत नाही.

जेवणात काटकसर करू नका. फुकट काम करणारा माणूस रात्री दोन वाजता थंड वडापाव खाऊन तिसऱ्या रात्री येत नाही. आम्ही एका काकूंकडून पोळी-भाजी, वरण-भाताचे डबे घेतले. पहाटेच्या चहाला सायकलवरचा चहावाला होताच.

रात्री उशिरा घरी जाणाऱ्या प्रत्येक मुलीसाठी रिक्षा-टॅक्सीचे पैसे आधीच वेगळे काढा. आमच्या ९ हजारांतले निम्मे ह्यातच गेले.

माणसं

रामसे बंधूंनी १९७२ च्या ‘दो गज जमीन के नीचे’पासून जे केलं ते बघा. पटकथा कुमार, कॅमेरा गंगू, ध्वनी किरण, एडिटिंग अर्जुन, दिग्दर्शन तुलसी आणि श्याम, सगळं घरातल्या घरात. आपल्याला सहा भाऊ नसतात, पण एकेका माणसाने दोन-दोन कामं घ्यायची हे तत्त्व तेच. एकच काम कुणाच्याही गळ्यात जोडकाम म्हणून घालू नका : कंटिन्युटी. निळा सँडल उताणा होता की सुलटा, हे लक्षात ठेवणारं एक स्वतंत्र डोकं पाहिजेच. हे काम सांभाळणाऱ्याच्या फोनमध्ये प्रत्येक शॉटच्या आधी आणि नंतर एक फोटो.

नट एकांकिकांमधून शोधा. आयएनटी, सवाई, लोकांकिका अशा स्पर्धा गाजवलेली मुलं-मुली ह्या शहरात ढिगाने आहेत, आणि अंधारात तालीम करायची त्यांना सवय असते. फक्त एक अडचण येते : ती शेवटच्या रांगेपर्यंत अभिनय पोचवतात. कॅमेरा दोन फुटांवर आहे, भीती पापणीत दाखव, हे पहिल्या रात्री वीस वेळा सांगावं लागतं. मानधन शंभर रुपये असलं तरी द्या, आणि एका कागदावर सही घ्या : काय काम, किती पैसे, फिल्म कुठे कुठे दाखवता येईल. मैत्री आहे म्हणून सही टाळली की दोन वर्षांनी फिल्म अडकते, मैत्रीही.

लहान मूल घेण्याचा विचार असेल तर दोनदा विचार करा. बाल कलाकारासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, आणि मिळकतीच्या किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकावी लागते. शिवाय सात वर्षांच्या पोरीला रात्री खरोखर घाबरवायचं का, हा प्रश्न उरतोच. आमच्याकडे मुलगी दिसतच नाही. सँडल दिसतात.

काळोख कसा करायचा

मुंबईचं आकाश रात्री नारिंगी असतं. त्यात समोरच्या इमारतीतल्या ट्यूबा, रस्त्यावरचे पांढरे एलईडी, मधूनच एखाद्या गाडीचा हेडलाइट छतावरून फिरून जातो. म्हणून काळोख बनवावा लागतो. मंगलदास मार्केटमधून काळ्या जाड कापडाचा तागा आणा आणि सगळ्या खिडक्या बाहेरून, जमत नसेल तर आतून, कडेकोट बंद करा. दाराखालची फट विसरू नका. खोलीत दिवे मालवून पाच मिनिटं बसा. डोळे सरावल्यावर जिथून उजेड येताना दिसतो तिथे चिकटपट्टी.

कापड लागलं की एक मोठी सोय होते : दिवसाही रात्र करता येते. माझं सगळं वेळापत्रक ह्यावर चालतं. मुका भाग दिवसा, बोलका भाग रात्री एकनंतर. जिथे संवाद नाहीत, नुसतं चालणं, वळून बघणं, हात दाराच्या कडीकडे जाणं, ते सगळं दुपारी. आवाज नंतर घालता येतो. संवाद मात्र शेवटची लोकल गेल्यावर घ्यायचे. साधारण दीड ते चार हे शहर जरा श्वास रोखतं, चारनंतर पहिल्या गाड्या सुरू होतात. तेवढ्या अडीच तासांत बोलायचं ते बोलून घ्या. फिल्मची जमात रात्रभर जागण्यात उगाच मर्दुमकी मानते. आमच्या चारही रात्री दुपारी तीनला सुरू होऊन पहाटे साडेचारला संपल्या, मध्ये संध्याकाळी चार तास सक्तीची झोप.

बंद खिडक्या, बंद पंखा आणि दहा माणसं म्हणजे भट्टी. मे महिन्यात मेकअप वितळतो. डिसेंबर-जानेवारी बघा, लग्नसराईचा बँड टाळून.

आता नवशिक्यांची ठरलेली चूक. अंधार दाखवायचा म्हणून ते दिवेच लावत नाहीत. कॅमेऱ्याला काहीच दिसत नाही, तो चित्र ओढून-ताणून उजळ करतो आणि पडदाभर मुंग्या नाचतात. पडद्यावरचा अंधार म्हणजे नव्वद टक्के काळं आणि एका कोपऱ्यात एक नक्की उजेड. तो उजेड घरातलाच शोधा : देवघरातला लाल झिरोचा बल्ब, उघड्या फ्रिजचा पिवळा, पॅसेजमधली चोक गेलेली ट्यूब, फोनची स्क्रीन. देवघरातला बल्ब कॅमेऱ्याला कमी पडतो, तिथे त्याच रंगाचा जास्त वॅटचा लावा. माणसाच्या मागच्या भिंतीवर हलका प्रकाश पडला की माणूस काळा आकार होऊन सुटा दिसतो. शॉट घ्यायचा थोडा उजळ, काळा करायचा एडिटला.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा, नाहीतर ट्यूबखाली चित्रात पट्टे सरकतात. स्वस्त एलईडी डिमरवर मंद केले की तेही फडफडतात, आधी तपासून घ्या. फोनवर करणार असाल तर फोनचा स्वतःचा कॅमेरा वापरू नका. तो अंधारात आपणहून चित्र उजळवतो आणि फ्रेमचा वेग बदलत राहतो, त्यामुळे पुढे आवाज जुळत नाही. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे अॅप आयफोनवर आणि काही अँड्रॉइड फोनवर फुकट मिळतं. त्यात आयएसओ, शटर, व्हाइट बॅलन्स सगळं कुलूपबंद करता येतं.

धुरासाठी आम्ही धूप आणि ऊद जाळला. छान पसरतो, देवघराचा वासही येतो आणि नटांच्या चेहऱ्यावर आपोआप काहीतरी होतं. पण एका शॉटपासून दुसऱ्यापर्यंत धूर सारखा ठेवणं कठीण. कुणाला दमा आहे का ते आधी विचारा, आणि टॉवरमध्ये शूट असेल तर फायर अलार्मवाल्याला.

आवाज, म्हणजेच भूत

रेकॉर्डिस्टला जागा बघायला नेल्याशिवाय जागा पक्की करू नका. तो दारात उभा राहून डोळे मिटतो आणि तुम्हाला कधीच ऐकू न आलेल्या सात गोष्टी सांगतो. पाण्याचा पंप किती वाजता लागतो हे वॉचमनला विचारून लिहून ठेवा. फ्रिज बंद करायचा, आणि ज्याची स्कूटर आहे त्याने किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. म्हणजे पहाटे फ्रिज परत चालू करायला कुणी विसरत नाही. मावशींचं आठ दिवसांचं दूध आणि मासे एकदा नासवून हे शिकलोय.

प्रत्येक खोलीतली नुसती शांतता एक-एक मिनिट रेकॉर्ड करून ठेवा, सगळ्यांना पुतळ्यासारखं उभं करून. एडिटमध्ये दोन संवादांमधली भोकं हीच शांतता बुजवते.

मग भीतीचे आवाज जमवायला लागा. ते विकत घेऊ नका, घरात आहेत. मुंबईत फ्लॅटमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाने रात्री वरच्या मजल्यावर गोट्या घरंगळल्याचा आवाज ऐकलाय, आणि वरच्यांकडे लहान मूलही नसतं. तो एक आवाज वापरा, प्रेक्षकाला काही समजावून सांगावं लागत नाही. जाळीच्या जुन्या लिफ्टमधली ती बाई, “कृपया दरवाजा बंद करें”, रात्री तीनला रिकाम्या जिन्यात ऐकून बघा. विळीवर नारळ खवण्याचा आवाज, चित्रात नारळ नसताना. शेवग्याची शेंग मायक्रोफोनजवळ मोडली की हाड मोडतं, दोन शेंगा एकदम मोडल्या तर मणका. भिजवलेल्या कणकेत हात घालून पिळला की आतडी. मी कुकरची शिटी चौपट संथ केली आणि काय निघालं ते मलाच दुसऱ्यांदा ऐकवेना. आमच्या जिन्यातल्या शेवटच्या दृश्यात नायकाचं तोंड मुकं उघडतं आणि त्याच्या किंकाळीच्या जागी ती शिटी आहे.

सर्वांत स्वस्त धक्का मात्र आवाज काढून घेण्याचा. दृश्याच्या सुरुवातीपासून पंख्याची घरघर चालू ठेवा, इतकी हलकी की कुणाच्या लक्षात येऊ नये. धक्क्याच्या दोन सेकंद आधी ती बंद करा. प्रेक्षकाच्या मानेवर काटा येतो आणि का ते त्याला कळत नाही.

इंटरनेटवरून आवाज घेणार असाल तर प्रत्येकाचा परवाना वाचा. फ्रीसाउंड ह्या वेबसाइटवर बरेच आवाज पूर्ण मोकळे आहेत, काहींना श्रेय द्यावं लागतं, काही व्यावसायिक कामाला चालत नाहीत. तिसऱ्या प्रकारचे घेऊच नका, पुढे कुणी फिल्म विकत मागितली तर पंचाईत.

रक्त

एक वाटी लिक्विड ग्लुकोज, बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळतं. पाव वाटी कोमट पाणी, एक छोटा चमचा लाल खाद्यरंग, अर्धा चमचा कोको, निळ्या रंगाचा एक थेंब. कोकोने रक्त गढूळ होतं, निळ्याने भडकपणा मरतो. ग्लुकोज नसेल तर साखरेचा दोनतारी पाक. जुनं, सुकलेलं रक्त हवं तर कोको वाढवा. बीट वापरू नका, जांभळं दिसतं. कुंकू कालवून अंगाला लावू नका, त्वचा सोलवटते. डोळ्यांजवळ हे काहीही नको.

खाद्यरंग कपड्यातून जात नाही, म्हणून रक्ताच्या दृश्यासाठी सारखे तीन गाऊन हवेत. आम्ही दादरला फुटपाथवरून घेतले. आणि पाकावर मुंग्या येतात. दीड तास “मेलेली” पडून राहिलेली आमची नायिका अचानक उठून नाचायला लागली, तो शॉट अजून माझ्याकडे आहे.

एडिट आणि पुढे

रोज पहाटे, झोपायच्या आधी, फुटेजच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर, आणि त्या दोन वेगळ्या घरी. दाविंची रिझॉल्व्ह ह्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती एडिटिंग, रंग आणि साउंड सगळ्याला पुरते. पहिला कट झाला की पटकथा न वाचलेल्या एकाच माणसाला दाखवा आणि पडद्याकडे न बघता त्याच्याकडे बघत बसा. तो फोनकडे कधी बघतो ते लिहा. तिथेच कापायचं. माझा अनुभव असा की धक्का देणारा शॉट आपण नेहमी जास्त लांब ठेवतो आणि धक्क्याच्या आधीचा रिकामा शॉट नेहमी आखूड. उलटं करा.

रंग देताना लक्षात ठेवा, बहुतेक लोक तुमचा भयपट दुपारी, फोनवर, बसमध्ये बघणार. एडिटच्या अंधाऱ्या खोलीत बरोबर वाटलेला काळा तिथे नुसती काळी काच होतो, त्यात बघणाऱ्याचा स्वतःचा चेहरा दिसतो. एकदा फोनचा ब्राइटनेस अर्धा करून खिडकीजवळ तपासा. यूट्यूबवर गडद भाग चौकोनी ठोकळ्यांसारखे फुटतात. चित्रावर बारीक ग्रेन टाकली आणि फाइल ४के करून चढवली की बरंच सावरतं.

पण यूट्यूबवर घाई करू नका. अनेक महोत्सव आधी ऑनलाइन टाकलेली फिल्म घेत नाहीत, म्हणून आधी महोत्सव, मग इंटरनेट. थिएटरात तिकीट लावून दाखवायची असेल तर सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र हवं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या वर्गामध्ये ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन गट झाले आहेत, भयपट सहसा वरच्या गटांकडे सरकतो. फिल्ममध्ये कुत्रा-मांजर वापरलं असेल तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी जोडावी लागते, म्हणून काळी मांजर लिहिण्याआधीच खोडा.

पहिला खेळ मात्र ज्या सोसायटीत शूट केलं तिथेच लावा, तसं कबूल करूनच परवानगी मागा. आम्ही क्लबहाउसमध्ये प्रोजेक्टर लावला. खिडक्यांना काळं कापड पुन्हा तेच. तरी दारावरचा बाहेर जाण्याचा हिरवा दिवा काही बंद होईना, म्हणून सेक्रेटरी चौदा मिनिटं त्याच्यापुढे फाइल धरून उभे राहिले.